वाक्यात न बसलेली पिशवी

पापड लाटता लाटता बायकांना कादंबरी वाचून दाखवायची पद्धत आमच्या चाळीत कशी पडली, विचाराल तर सांगते. मला पापड लाटता येत नाही. माझा पापड म्हणजे महाराष्ट्राचा नकाशा, तोही मुंबई वगळून. असं एकदा आनंदीबाईच म्हणाल्या आणि माझ्या हातातलं लाटणं त्यांनी काढून घेतलं. "तुम्ही आपलं वाचा बाई, लाटायला आम्ही आहोत." तेव्हापासून मी वाचते.

चाळ गिरगावात, मुगभाटात. तिसऱ्या मजल्यावर मी एकटी राहते. सकाळी मुलींच्या शाळेत मराठी शिकवते आणि दुपारी कादंबऱ्या लिहिते. लग्न राहून गेलं, त्याचं लोकांना वाटतं तेवढं वाईट मला वाटत नाही. चैत्र लागला की गच्चीवर जिन्याच्या तोंडाशी, पत्र्याच्या सावलीत पोळपाट मांडले जातात. भिजवलेल्या पिठाच्या डांगराला हिंगाचा वास सुटलेला असतो. बाहेर उन्हात जुन्या लुगड्यांवर पापड वाळत पडलेले असतात. चौपाटीकडून वारा आला की लुगड्यांची टोकं उचलतात आणि सगळी गच्चीच कुठंतरी निघाली आहे असं वाटायला लागतं. त्या गुंगीत मी माझं नवं प्रकरण वाचते. लाटणी वाजत राहिली तर प्रकरण फाडायचं, थांबली तर जमलं. दुसरी परीक्षा मी मानत नाही. टीकाकार गेले खड्ड्यात.

आता जमलेलं आणि खरं यांत फरक असतो, हे मला कुणी शिकवायला नको. मुलींना मी तेच तर शिकवते. पण शिकवणं वेगळं.

छप्पन सालच्या जानेवारीत मुंबई महाराष्ट्राला देणार नाही असं रेडिओवर सांगितलं आणि गिरगाव पेटलं. ठाकुरद्वारच्या नाक्यावर पोलीस, गल्लीत अश्रुधूर, दिवसभर डोळ्यांना ओले पंचे लावून बसलेली माणसं. करफ्यू लागायचा, उठायचा, परत लागायचा. त्यातल्या एका सकाळी आनंदीबाईंचे यजमान जिना उतरून गेले ते परत आलेच नाहीत. नाव शरच्चंद्र, चाळीत सगळे शरदराव म्हणत. त्यांना शेवटचं पाहिलं ते मी. गॅलरीत उभी होते. अंगात तपकिरी कोट होता. चौकातल्या नळाशी ते थांबले, ओंजळीनं पाणी प्याले, बाहीला तोंड पुसलं आणि बोळातून बाहेर पडले. थोड्या वेळानं गोळ्यांचे आवाज आले.

मग काय, हॉस्पिटलं झाली, पोलीस चौक्या झाल्या. मेलेल्यांत नाव नाही, जखमींत नाही, पकडलेल्यांत नाही. चाळीतल्या बायका मला गाठून हळूच विचारायच्या, "बाई, हातात पिशवी होती का हो त्यांच्या?" कारण शरदराव नाटकवेडे. मागं एकदा एका कंपनीच्या पाठी घर सोडून गेले होते आणि कंपनी बुडाल्यावर मान खाली घालून परत आले होते. हातात पिशवी असली तर कपडे घेऊन निघाले, म्हणजे गोळी नाही नि बिळी नाही, बायकोला टाकून गेले. हात रिकामे असले तर नाक्यावर काय चाललंय ते बघायला गेले आणि घात झाला. एका बाईचं सगळं आयुष्य त्या पिशवीला लटकलेलं, आणि मी शहाणी एक दिवस सांगायचे, "होती वाटतं," आणि दुसऱ्या दिवशी, "नव्हती बहुतेक."

आनंदीबाई कुंकू लावत होत्या. हळदीकुंकवाला बोलावलं की जात होत्या. बायका हातावर हळद लावताना त्यांच्या तोंडाकडे बघायच्या. "काही कळलं का?" विचारायच्या, आणि उत्तर ऐकायच्या आधीच च्‌ च्‌ करायच्या. ते च्‌ च्‌ ऐकलं की माझ्या तळपायाची आग मस्तकाला जायची. आनंदीबाई पहिल्यापासून हळू बोलणाऱ्या. आता तर आवाजच गेला. नळावरची गर्दी ओसरली की पाणी भरायच्या आणि भिंतीच्या कडेकडेनं घरी जायच्या.

मी कादंबरीला हात घातला तो तेव्हा. नायक विश्वनाथ, पोस्टातला कारकून. शरदरावांचा आणि त्याचा काही संबंध नाही असं मी स्वतःला बजावलं होतं, आणि पहिल्याच प्रकरणात त्याला तपकिरी कोट घातला. मग लिहिलं, विश्वनाथ जिना उतरला, हातातली पिशवी त्यानं नळाच्या कठड्यावर ठेवली आणि ओंजळ धरली. वाक्य लंगडत होतं. पिशवी ठेवायची, परत उचलायची, पुढं गोळी लागल्यावर तिचं काय करायचं ते वेगळंच. काढून टाकली. वाक्य कसं झर्रकन पुढं गेलं! पाणी मी कोमट केलं, कारण कोमट हा शब्द तिथं फार छान बसला. जानेवारीत सकाळी नळाला कोमट पाणी कुठून येणार? पण बसला खरा.

लिहिणाऱ्या माणसाला यात नवीन काही नाही. शिंप्याच्या दुकानात चिंध्या पडायच्याच. पण झालं असं की त्यानंतर डोळे मिटून ती सकाळ आठवायला गेले, की रिकाम्या हाताचाच माणूस दिसायला लागला. तो ओंजळ धरतो, पाण्याची वाफ त्याच्या तोंडावर येते, तो वर गॅलरीकडे बघतो. वर बघितलं होतं का त्यांनी? कोण जाणे. मला आपलं वाटलं, चला, आता नक्की आठवलं.

ते प्रकरण मी चैत्रात गच्चीवर वाचलं. विश्वनाथ नाक्यावर पोचला तेव्हा एक लाटणं थांबलं. गोळी लागली तेव्हा सगळी थांबली. सुखानं माझ्या अंगावर काटा आला, खोटं कशाला सांगू! आनंदीबाईंच्या पोळपाटावर अर्धवट लाटलेली लाटी तशीच होती.

"मग?" त्या म्हणाल्या.

"मग काही नाही. पडतो तो."

"लगेच?"

"लगेच."

त्या उठल्या, हाताचं पीठ धुतलं आणि खाली गेल्या. दुसऱ्या दिवशी आल्या त्या कपाळ मोकळं, गळा मोकळा. बायका पुतळ्यासारख्या बसल्या. मी त्यांना बाजूला ओढलं.

"अहो आनंदीबाई, वेड लागलंय का? कादंबरी आहे ती!"

"असू दे की," त्या म्हणाल्या, आणि पुष्कळ दिवसांनी त्यांचा आवाज मला नीट ऐकू आला. "इतके दिवस मला कुणी काही सांगत नव्हतं. तुम्ही सांगितलंत. आता माझं मला सुचेल."

मला भीती वाटली. आणि भीतीच्या खाली, अगदी तळाशी, बरंही वाटलं. माझं वाक्य एका बाईनं कपाळावर घेतलं होतं. असं कुठल्या लेखकाचं होतं?

पुढं ज्या आनंदीबाई आम्ही पाहिल्या त्या कुठं दडल्या होत्या, देव जाणे. प्रभातफेरीत पुढं त्या. सत्याग्रहाच्या तुकडीत त्या. पोलिसांच्या गाडीत चढताना माझ्याकडे बघून म्हणाल्या, "बाई, कुंडीला पाणी घाला." सुटून आल्यावर लालबागला हातगाडीवर उभ्या राहून गिरणी कामगारांपुढं बोलल्या. मी गर्दीत उभी होते. "माझ्या माणसानं नळाचं पाणी पिऊन निरोप घेतला," त्या म्हणाल्या, आणि माझ्या शेजारचा एक आडदांड गडी सदऱ्याच्या बाहीनं डोळे पुसायला लागला. हळदीकुंकवाची बोलावणी बंद झाली होती, पण नळावर आता बायका त्यांना बाजूला होऊन जागा द्यायच्या. च्‌ च्‌ कुणी करत नव्हतं.

कादंबरी छापून आली, खपली. चाळीनं ती वाचली आणि मग चाळीला सगळं आठवायला लागलं. तळमजल्यावरचे अप्पा, आमच्या चाळ कमिटीचे अध्यक्ष, सांगायला लागले, "मी खिडकीतून ओरडलो होतो, शरदराव, आज जाऊ नका हो!" ते वाक्य माझ्या कादंबरीतल्या दूधवाल्याचं आहे. त्या दिवशी अप्पा सासुरवाडीला, माझगावला होते आणि करफ्यूमुळं तिकडेच अडकले होते. मी त्यांना तसं सांगितलंसुद्धा. त्यांनी माझ्याकडे कीव आल्यासारखं पाहिलं. "तुम्हाला काय आठवणार, तुम्ही लेखक माणसं."

दुपारी कधी कधी लिहिता लिहिता माझा डोळा लागतो. त्या वर्षांत मला एकच स्वप्न पडायचं. चाळ उन्हात वाळत घातलेली आहे, माणसं कडेकडेनं वळायला लागली आहेत, आणि मी एकेकाला उलटवते आहे. पाठीमागं कुणाच्या काय लिहिलंय ते वाचायच्या आत जाग यायची.

साठ साल उजाडलं. मुंबईसह महाराष्ट्र मिळाला. चाळीनं ठरवलं, एक मेला चौकात नळाशेजारी शरदरावांची तसबीर लावायची, आनंदीबाईंनी समई लावायची. सरकारी यादीत त्यांचं नाव नाही, असं एक जण म्हणाला, त्याला अप्पांनी गप्प बसवलं. चित्रकारानं लग्नातल्या फोटोवरून तसबीर काढली, वर माझ्या पुस्तकातला कोट घातला. चेहरा ना धड शरदरावांचा, ना विश्वनाथचा. तरी सगळे म्हणाले, हुबेहूब.

त्याच्या आदल्या आठवड्यातली दुपार. मी वाचायचे कागद गोळा करत होते आणि दारात एक माणूस येऊन उभा राहिला. वाळलेला, दाढी वाढलेली, केस पांढरे.

"ओळखलंत?"

"नाही."

"मी तुमचा विश्वनाथ," तो म्हणाला. मग लाजून म्हणाला, "शरच्चंद्र."

मी हातातले कागद खाली ठेवले. ते उंबरठ्यावरच बसले. इंदूरला असतो म्हणाले. तिथल्या वाचनालयात माझं पुस्तक हाती पडलं. "त्याआधी मला काही आठवत नव्हतं बघा. कसा निघालो, कुठून गेलो, सगळं धुकं. तुमचं पुस्तक वाचलं आणि लख्ख आठवलं. नाक्यावर गोळी लागली." त्यांनी दंडावरून हात फिरवला. "नळाचं ते पाणी. कोमट होतं."

काय सांगू, त्या क्षणी मला असा आनंद झाला की रडूच फुटायचं राहिलं. इतकी वर्षं मनात डाचत होतं की आपण हे पाहिलं की रचलं. आणि इथं हाडामासाचा माणूस माझ्या उंबरठ्यावर बसून सांगत होता की पाणी कोमट होतं! मी खरं लिहिलं होतं. नकळत खरं लिहिलं होतं. आता ह्यांना हाताला धरून चाळीपुढं उभं करावं आणि म्हणावं, बघा. आनंदीबाईंचं काय होईल, हे मला त्या वेळी सुचलंसुद्धा नाही. इतकी मी माझ्या वाक्यावर खूश होते.

आणि त्या खुशीतच मी विचारलं, "हातात पिशवी होती का हो तुमच्या?"

ते गोंधळले. पुष्कळ वेळ आठवत राहिले, कपाळाला आठ्या घालून, अगदी मनापासून.

"पिशवी?" ते म्हणाले. "पुस्तकात तर नाहीये."

त्यांच्याकडे ती सकाळ नव्हतीच. माझंच पुस्तक त्यांनी मला परत आणून दिलं होतं. आणि बिचारे खोटं बोलत नव्हते, त्याचंच वाईट वाटत होतं. "तुम्ही इथंच थांबा," असं म्हणून मी कागद उचलले आणि वर निघाले. काय करायचं, काही ठरत नव्हतं.

गच्चीवर लाटणी जोरात चालली होती. "बाई, उशीर केलात," आनंदीबाई म्हणाल्या. त्या मधोमध बसल्या होत्या. लाट्या त्याच करून देतात, सगळ्या सारख्या. एक मेला बोलायचं भाषण त्या हात चालवता चालवता पाठ करत होत्या, ओठ हलत होते. मी पहिल्या कागदावर नजर टाकली आणि एकदम सगळी लाटणी थांबली. मी एक अक्षरही वाचलं नव्हतं.

ते जिन्याच्या तोंडाशी उभे होते.

"अगंबाई, हे तर..." दुसऱ्या मजल्यावरची पद्मजा म्हणाली आणि आनंदीबाईंचं तोंड बघून गप्प झाली.

आनंदीबाई त्यांच्याकडे बघत होत्या. चेहऱ्यावर काही म्हणजे काही नव्हतं. पण हातातली लाटी त्यांनी मुठीत इतकी दाबली की ती बोटांमधून बाहेर आली. मग त्यांनी मान वळवून माझ्याकडे पाहिलं. त्यांचं ते पाहणं मी कुठल्या कादंबरीत लिहू शकणार नाही. हळदीकुंकवातलं च्‌ च्‌, भिंतीच्या कडेकडेनं चालणं, लालबागची हातगाडी, सगळं आता माझ्या एका शब्दावर होतं.

"कोण आलंय, बाई?" त्या म्हणाल्या. "तुमच्या ओळखीचे आहेत का?"

बायका माझ्याकडे वळल्या. शेवटचं पाहणारी मी. मी सांगेन ते खरं. मी त्या माणसाच्या तोंडाकडे बघितलं, शरदराव शोधायचा प्रयत्न केला, देवाशपथ केला. पण मला विश्वनाथच दिसत होता, आणि विश्वनाथ तर नाक्यावर पडला होता, मीच पाडला होता. वाऱ्यानं लुगड्यांची टोकं उचलली, पापड सरसरले. गच्ची आता निघतेच आहे असं वाटलं.

"वाचक आहेत माझे," मी म्हणाले. "इंदूरहून आलेत."

त्यातला शब्दन्‌शब्द खरा होता.

ते आनंदीबाईंकडे बघत राहिले. त्यांच्या मोकळ्या कपाळाकडे. नाटकात ते प्रॉम्प्टर होते म्हणतात. दुसऱ्याचं वाक्य कुठं संपतं, ते त्यांना कळत असणार. त्यांनी हात जोडले.

"हो, वाचक," ते म्हणाले. "फार छान लिहिता, बाई. शेवट आवडला मला."

आणि वळले.

"थांबा," आनंदीबाई म्हणाल्या. त्या उठल्या, उन्हात गेल्या, चांगले वाळलेले पापड निवडून त्यांची चळत केली आणि घेऊन आल्या. "एवढ्या लांबून आलात. रिकाम्या हातानं कसं पाठवायचं? पिशवी उघडा."

त्यांनी जिन्याच्या पायरीवर ठेवलेली पिशवी उचलली आणि दोन्ही हातांनी तोंड उघडून धरली. निळी, जुन्या इरकली लुगड्याची, लाल काठाचे बंद लावलेली. आनंदीबाईंनी वाकून पापड आत ठेवले. मोडू नयेत म्हणून हलक्या हातानं ठेवले.

आणि मला ती दिसली. नळाच्या कठड्यावर ठेवलेली, निळी, फुगलेली, लाल बंद खाली लोंबणारे. पाणी गार होतं, ते पिताना शहारले होते. वर त्यांनी बघितलंच नव्हतं. सगळं लख्ख दिसलं, इतक्या वर्षांनी, आणि कुणाला सांगायची सोय राहिली नव्हती.

ते जिना उतरत गेले. पावलांचा आवाज खाली खाली जात नाहीसा झाला. मी कठड्यावरून डोकावले नाही. बायका हळूहळू लाटायला लागल्या, कुणी कुणाकडे बघत नव्हतं. आनंदीबाईंनी मघाशी मुठीत चेपलेली लाटी उचलून पुन्हा मळली, गोल केली, पोळपाटावर ठेवली.

"पिशवी अजून टिकलीय म्हणायची," त्या मान वर न करता, मला एकटीलाच ऐकू येईल एवढ्यानं म्हणाल्या. "माझ्याच लुगड्याची होती. त्या दिवशी मीच भरून दिली, जा म्हटलं एकदाचे." मग लाटणं उचललं. "वाचा ना बाई. थांबलात का?"